‘फड’ : एक शब्द, अनेक व्यवसाय (खानदेशाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

यावल तालुक्यातील फैजपूर परिसरात हिवाळ्याच्या तोंडी ‘फड’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तोडणीस आलेला ऊस उभा राहतो. तापी ओलांडून धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी जावे आणि एखाद्या जुन्या बागायतदारापुढे हाच शब्द काढावा, तर तो बंधारा, पाट आणि पाण्याची पाळी यांविषयी बोलू लागतो. चैत्रातील यात्रेला निघालेल्या माणसाला फड म्हणजे तमाशा. आषाढीला निघालेल्या वारकऱ्याला फड म्हणजे त्याची कीर्तनपरंपरा. पेशवाईच्या कागदपत्रांचा अभ्यासक मात्र या शब्दाने पुण्यातील सरकारी दफ्तर समजतो.

एका शब्दाला अनेक अर्थ असणे यात नवल काही नाही. ‘पान’ झाडाचे असते, पुस्तकाचे असते आणि पंगतीतलेही असते. परंतु तेथे अर्थविस्तार आकारसाम्यावरून झालेला आहे, आणि तो कोणाच्याही लक्षात सहज येतो. ‘फड’ या शब्दाच्या बाबतीत तसे साम्य नाही. ऊस, हिशेबाची वही, ढोलकी आणि पाण्याचा पाट यांच्यात डोळ्यांना दिसेल असे समान काहीच नाही. तरीही हे सर्व व्यवसाय एकाच शब्दाखाली शतकानुशतके नांदले. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट वस्तूच्या रूपात नसून कामाच्या रचनेत आहे, असा विचार प्रस्तुत निबंधात मांडला आहे. अनेकांचा संबंध असलेले काम, सर्वांच्या नजरेसमोर, ठरलेल्या क्रमाने आणि कोणातरी एकाच्या देखरेखीखाली चालते, त्या ठिकाणाला आणि त्या समूहाला मराठी माणसाने फड म्हटले. ही रचना जेथे मोडली तेथे शब्द मागे उरला, पण त्याचा अर्थ आकसला. खानदेशात या दोन्ही अवस्था शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

कोशातील साक्ष

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ‘फड’ या शब्दाखाली दिलेले अर्थ पाहता एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा शब्द किती ठिकाणी वावरत होता याची कल्पना येते. न्यायकचेरी, बाजारपेठ, जकातीचे ठाणे, लिलावाची जागा, जुगाराचा अड्डा, नाचगाण्याची बैठक, कारखाना, छापखाना, ऊस-वांगी-मिरची यांचे शेत आणि खेळे-नाचे यांचा ताफा, असे अनेक अर्थ तेथे एकत्र आले आहेत. काम जोरात व गडबडीने चालू असण्यालाही फड म्हणत. ‘फड पडणे’, ‘फड घालणे’, ‘फड मांडणे’ हे प्रयोग त्यातलेच. ‘फड जिंकणे’ आणि ‘फड गाजवणे’ हे वाक्प्रचार आजही सभेच्या वृत्तांतात हमखास आढळतात.

यांतील एक अर्थ विशेष लक्ष देण्याजोगा आहे. शेतातील उत्पन्न ज्या जागी आणून ठेवावयाचे, तेथे त्याचा अंदाज घेऊन सरकारी हिस्सा ठरवावयाचा, त्या जागेलाही फड म्हणत असत. सारा धान्यरूपाने वसूल होण्याच्या काळातील हा अर्थ आहे. शेत आणि कचेरी या दोन टोकांना जोडणारी कडी येथे सापडते. रयतेचा माल, सरकारचा हिस्सा आणि मोजणारा माणूस ही तिन्ही त्या जागी समोरासमोर येत. उघड्यावर मोजलेला माल नाकारता येत नाही आणि लपविताही येत नाही. फड या शब्दातील हा उघडेपणा पुढील विवेचनात वारंवार आढळेल.

हुजूर फड आणि फडणीस

पेशव्यांच्या काळात पुण्यातील हुजूर दफ्तराचे दोन मुख्य भाग होते : एलबेरीज आणि चालते दफ्तर. चालत्या दफ्तराच्या ज्या शाखा होत्या त्यांपैकी फड ही फडणिसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली असे. सनदा व हुकूम येथून निघत आणि प्रांतोप्रांतीचे हिशेब येथे येत. नाना फडणीस, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू (1742-1800), यांच्या हयातीत या कचेरीचा दबदबा सर्वाधिक होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तिची घडी विसकटली आणि 1818 मध्ये तिचे कामच संपले.

‘फडणीस’ हा शब्द फारसी ‘फर्दनवीस’ याचे मराठी रूप होय असे मत आहे. फर्द म्हणजे याद किंवा कागदाचा बंद, आणि नवीस म्हणजे लिहिणारा. हे मत ग्राह्य धरले तरी एक गोष्ट उरतेच. ज्या कचेरीत हा अधिकारी बसे तिचे नाव फड होते आणि मराठी कानाने फडणीस या शब्दात तो फडच ऐकला. लोकांनी लावलेली व्युत्पत्ती शास्त्रशुद्ध नसेल, पण इतिहासाच्या दृष्टीने ती निरर्थक नसते.

या फडाचे काम कसे चाले हे महालांच्या पातळीवर अधिक स्पष्ट दिसते. मामलेदाराबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस इत्यादी दरकदार नेमलेले असत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. फडणीस रोजची नोंद ठेवी व कागदावर तारीख घाली. मुजुमदार हिशेब तपाशी. दफ्तरदार रोजकिर्दीवरून खतावणी तयार करी. एकच कागद इतक्या हातांतून जात असल्याने तो कोणा एकाचा राहत नसे. या व्यवस्थेत लाचलुचपत नव्हती असे म्हणण्याचे धाडस कोणीही करणार नाही. परंतु एकाने केलेले दुसऱ्याला दिसावे ही तिची मूळ कल्पना होती.

उसाचा फड आणि केळीची बाग

फैजपूर-सावदा-रावेर हा सातपुडा आणि तापी यांच्यामधील पट्टा केळीसाठी प्रसिद्ध आहे. येथे एक भाषिक भेद सहज लक्षात येतो. केळीची ‘बाग’ असते. केळीचा फड कोणी म्हणत नाही. उसाचा मात्र फड असतो. दोन्ही पिके बागायती, दोन्हींना भरपूर पाणी लागते, दोन्ही रोखीची. मग हा भेद कशामुळे? केळीचे घड एका दिवशी तयार होत नाहीत. बागेतून निवडून निवडून, काही आठवडे कटाई चालते आणि थोड्या माणसांत ती उरकते. उसाचे तसे नाही. तोड सुरू झाली की वीस-पंचवीस माणसे एका बाजूने शेतात शिरतात आणि उभे रान मोकळे करीतच बाहेर पडतात. पिकाभोवती माणसांची जी एकदम गर्दी होते ती फड या शब्दाने सुचविली जाते, असे मानण्यास जागा आहे. वांगी आणि मिरची यांना मोल्सवर्थने फडांत गणले आहे, आणि भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेले बामणोद तर फैजपूरच्या शेजारीच आहे. वांग्याचा तोडाही वारंवार होतो, त्यामुळे वरील स्पष्टीकरण त्याला पूर्णपणे लागू पडत नाही, हे येथे मान्य केले पाहिजे.

फैजपूरजवळ न्हावी मार्गावर मधुकर सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यानंतर या भागात ‘फड’ शब्दाला एक नवी लगबग आली. ऊस कोणाचा, नोंद कोणत्या तारखेची, तोडणीची पाळी कोणाची, टोळी कोणत्या गावची हे प्रश्न त्याबरोबर आले. मालकाच्या दृष्टीने फड म्हणजे त्याचे पीक. तोडणी कामगाराच्या दृष्टीने फड म्हणजे कामाची जागा, जी दर काही दिवसांनी बदलते. शब्द एकच असला तरी बांधाच्या अलीकडे व पलीकडे त्याचा अर्थ वेगळा होतो, आणि या दुसऱ्या अर्थाकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले.

पांझरेचे फड

खानदेशाच्या इतिहासात या शब्दाचा सर्वांत समृद्ध अर्थ सिंचनाच्या क्षेत्रात घडला. पांझरा आणि तिच्या उपनद्या, तसेच नाशिक जिल्ह्याच्या बागलाण भागातील मोसम व आरम या नद्यांवर लहान लहान दगडी बंधारे घालून पाटाने पाणी नेण्याची पद्धत काही शतके चालत आली. तिला ‘फड पद्धती’ असे नाव आहे. 1880 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या खानदेश खंडातही या बंधाऱ्यांची दखल घेतलेली आहे.

तिची रचना थोडक्यात अशी होती. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या एकूण जमिनीला थळ म्हणत. थळाचे तीन किंवा चार मोठे भाग पाडलेले असत; तेच फड. एका फडात एका वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात हंगामी पीक, आणि पुढच्या वर्षी हा क्रम फिरवावयाचा. जमीन ज्याची त्याच्याच मालकीची राही, परंतु त्यात काय पेरावे हे एकट्याने ठरविता येत नसे. हंगामाच्या आरंभी पंच मंडळी नदीतील पाण्याचा अंदाज घेऊन त्या वर्षी कोणता फड भिजवावयाचा ते ठरवीत. पाण्याला पाट फोडून देण्याचे काम शेतकऱ्याचे नव्हते. ते पाटकऱ्याचे. रात्री पिकाची राखण जागल्या करी, आणि या सर्वांवर देखरेख ठेवण्यास हवालदार असे. यांचा मोबदला पिकातील हिश्शाच्या किंवा इनाम जमिनीच्या रूपाने दिला जाई. पावसाळ्यापूर्वी पाटातील गाळ काढण्यास प्रत्येक खातेदाराने माणूस पाठवावा असा दंडक होता.

या पद्धतीचे मर्म टंचाईच्या वर्षी कळत असे. बहुतेक खातेदारांची जमीन एकाच ठिकाणी नसून निरनिराळ्या फडांत थोडीथोडी विखुरलेली असे. आधुनिक शेतीशास्त्राच्या दृष्टीने जमिनीचे असे तुकडे हा दोष होय. परंतु पाणी कमी पडले आणि चारांपैकी एकच फड भिजवावयाचा ठरला, तरी त्या फडात सर्वांचाच थोडा वाटा असल्याने सर्वांचेच थोडे पिकत असे व सर्वांचेच थोडे बुडत असे. पाटाच्या तोंडाशी असलेला तरला आणि शेपटाशी असलेला मेला, ही कालव्यांच्या सिंचनातील नेहमीची तक्रार येथे मुळातच टाळली होती. एका फडात एकच पीक असल्यामुळे कोणाचे पीक किती प्याले हे पाहण्यास मोजणीचे यंत्र लागत नसे. बांधावरून चालणाऱ्या कोणालाही ते दिसे.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची मर्यादा झाकता कामा नये. पाण्याचा वाटा जमिनीला बांधलेला होता. ज्याला जमीन नव्हती त्याला फडात मजुरी होती, मत नव्हते. पाटकरी आणि जागल्या हे फडाचे सेवक. पंचांत बसण्याचा मान खातेदारांचा. स्त्रियांचा उल्लेख तर पंचांच्या संदर्भात येतच नाही. समतेची जी कल्पना येथे दिसते ती खातेदारांपुरती होती.

फैजपूरच्या वाचकाला येथे 1936 सालाची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या वर्षी 27 व 28 डिसेंबर रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली फैजपूर येथे भरलेले राष्ट्रसभेचे अधिवेशन हे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन होय. नंदलाल बोस यांच्या कल्पकतेतून बांबूच्या साहाय्याने सजविलेल्या टिळकनगरात शेतकऱ्यांविषयीचा जो कार्यक्रम संमत झाला त्यात सारा व खंड कमी करणे, सरंजामी पट्ट्या व वेठ नाहीशी करणे यांबरोबरच कालव्याच्या पाण्याचे दर बरेच उतरविणे आणि सहकारी शेतीचा प्रयत्न करणे या कलमांचाही समावेश होता. त्याच खानदेशात, तापीच्या पलीकडे, जमिनीची मालकी न मोडता पीक व पाणी एकविचाराने ठरविणारे फड त्या वेळी चालू होते. फडात केलेली व्यवस्था म्हणजे सहकारी शेती नव्हे, हे खरे. तथापि तिला ज्या अडचणी येतील असे पुढे पुस्तकांतून सांगितले गेले, त्यांपैकी कित्येक अडचणींची उत्तरे पांझरेच्या शेतकऱ्याने आधीच शोधली होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फड पद्धतीला उतरती कळा लागली. वरच्या अंगाला धरणे झाली आणि बंधाऱ्यांत येणारा बारमाही प्रवाह घटला. विहिरी वाढल्या, त्यांवर विजेचे पंप बसले, आणि ज्याच्या शेतात स्वतःचे पाणी आले त्याला पंचांच्या बैठकीची गरज उरली नाही. तिसरे कारण उसाचे. साक्री तालुक्यात पांझराकान सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस हे वर्षभर जमीन व पाणी अडवून ठेवणारे पीक आहे. तो एका फडात असेल तोवर पाळी चालते. प्रत्येक खातेदाराला प्रत्येक फडात तोच हवा झाला की पाळी फिरण्यास जागाच उरत नाही. एका अर्थाचा फड दुसऱ्या अर्थाच्या फडाच्या मुळावर आला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. काही ठिकाणी बंधारे व पाट उरले आहेत, आणि तेथे पाळीची आठवणही आहे. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा महाराष्ट्राने 2005 मध्ये केला. त्याखाली स्थापन होणाऱ्या मंडळांना ‘पाणी वापर संस्था’ असे नाव मिळाले.

उचल : दोन फडांना जोडणारा शब्द

तमाशाचे दोन प्रमुख प्रकार मानले जातात : संगीत बारी आणि ढोलकी फड. दुसऱ्या प्रकारात गण, गवळण, बतावणी आणि वग असा क्रम ठरलेला असतो. सरदार, सोंगाड्या, नाच्या, झीलकरी, ढोलकीवाला यांची कामे वाटून दिलेली असतात. कलगीवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जवाब हेही फडच. तेथे प्रेक्षक हेच न्यायाधीश असतात आणि हार-जीत लपविण्याची सोय नसते. कुस्तीलाही हेच लागू पडते, जरी खानदेशात कुस्तीच्या फडाऐवजी ‘दंगल’ हा शब्द अधिक रुळला आहे.

तमाशाचा फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि वैशाखात, साधारणपणे बुद्धपौर्णिमेच्या सुमारास, यात्रा संपल्या की घरी परततो. ऊसतोड कामगारही दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतो आणि कारखान्याचा पट्टा पडला की आखाजीच्या आगेमागे परत येतो. खानदेशात सालदाराचे वर्षही आखाजीलाच संपते व सुरू होते. ही केवळ पंचांगातील जुळणी नाही. तमाशा कलावंत हंगामापूर्वी फडमालकाकडून जी रक्कम घेतो तिला ‘उचल’ म्हणतात. ऊसतोड कामगार मुकादमाकडून जी रक्कम घेतो तिलाही उचलच म्हणतात. पावसाळ्यात हाताला काम नसताना ही रक्कम घरी खर्च होते आणि पुढचे सहा-सात महिने ती अंगावर फिटत राहते. फिटली नाही तर पुढील हंगामाचा करार आपोआप ठरतो. ऊसतोडीत नवरा-बायको या जोडीची नोंद ‘एक कोयता’ अशी होते. माणसाच्या जागी हत्याराचे नाव यावे ही गोष्ट सवयीने कोणाला खटकत नाही.

खानदेशातील आदिवासी व भूमिहीन कुटुंबे बारडोली परिसरातील कारखान्यांच्या तोडीसाठी दक्षिण गुजरातेत जाऊ लागली, त्यांच्या स्थितीचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात केला. मुकादम, कोयता, उचल ही सर्व साखळी त्यांच्या लेखनात तपशिलाने आली आहे. या कामगारांच्या बोलण्यातील फड पंचांचा नाही, पाळीचा नाही आणि त्यांच्या मालकीचाही नाही. पहाटे अंधारात तो गाठावयाचा असतो, मोळ्या बांधून गाडी भरावयाची असते, आणि वाढे विकून चार पैसे मिळतात तेवढीच वरकमाई असते. पांझरेच्या फडात हिशेब बांधावरून दिसत असे. येथे उचल किती फिटली हे मुकादमाच्या वहीत असते, आणि ती वही कामगाराला वाचता येतेच असे नाही.

वारकरी फड

शेवटी एका अर्थाचा उल्लेख केला पाहिजे, ज्यात जुनी रचना बऱ्याच अंशी टिकून आहे. वारकरी संप्रदायात वासकर, देहूकर, आजरेकर, शिरवळकर असे फड प्रसिद्ध आहेत. फडाचा प्रमुख तो फडकरी. कीर्तन कोणी, कोणत्या तिथीला, कोठे करावयाचे आणि अभंग कोणत्या क्रमाने म्हणावयाचे हे परंपरेने ठरलेले असते. पालखी सोहळ्यात दिंडी रथापुढे चालावयाची की रथामागे, आणि कितव्या क्रमांकाने, यातही कोणाला मनमानी करता येत नाही. क्रमाचा वाद झाला तर तो सर्वांसमोर होतो आणि सर्वांसमोरच मिटवावा लागतो.

खानदेशातून मुक्ताईची पालखी कोथळी-मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाते. अंतर लांबचे असल्याने ती ज्येष्ठातच निघते. मृगाच्या पावसाची वाट पाहणाऱ्या त्याच दिवसांत तोडणीहून परतलेली कुटुंबे गावात असतात, तमाशाच्या कनाती गुंडाळून ठेवलेल्या असतात, आणि पांझरेकाठी जेथे बंधारा अजून धरून आहे तेथे पाटातील गाळ काढण्याचे काम चाललेले असते.